स्त्री 2
‘स्त्री’ (2018) या हिंदी भयविनोदी चित्रपटाचा उत्तरभाग. दिग्दर्शन अमर कौशिक, लेखन निरेन भट्ट, संगीत सचिन-जिगर. 15 ऑगस्ट 2024 रोजी प्रदर्शित. राजकुमार राव, श्रद्धा कपूर, पंकज त्रिपाठी, अभिषेक बॅनर्जी, अपारशक्ती खुराना ही जुनी मंडळी इथेही आहेत. कथा घडते साड्यांसाठी नावाजलेल्या, मध्य प्रदेशातील चंदेरीत. नायक विकी तिथला शिंपी.

पहिल्या चित्रपटाची सगळी गंमत उलटापालटीत होती. रात्री भूत पुरुषांना उचलून नेई आणि मागे राहत ते फक्त कपडे. त्यामुळे दिवेलागणीनंतर घरात बसायची पाळी बाप्यांवर आली. भिंतीवर ‘ओ स्त्री कल आना’ लिहून ते कड्या लावून घेत. शिवाय ती स्त्री अन्यायाने मारली गेलेली आणि मानाची भुकेली. तिची भीती वाटे, पण राग येत नसे. हसायला जागा होती ती तिथेच.

उत्तरभागात ही जागा आक्रसते. इथला ‘सरकटा’ म्हणजे शिर धडावेगळे झालेला पुरुष. त्या स्त्रीच्या जिवावर उठलेला तोच, आणि त्याचे शिर उडवणारी तीच. तो स्वतंत्र विचारांच्या मुली पळवतो. त्याच्या प्रभावाखाली गावातले पुरुष बायकांना घरात डांबू लागतात, आणि हे फार ओळखीचे असल्याने हसू येत नाही. मुंडके धड सोडून एकटेच शिकारीवर झेपावते, ते प्रसंग तर निखळ भयपटाचे आहेत. सरकट्याचे धड जम्मू-काश्मीर पोलीस दलातील सुनील कुमार या सुमारे साडेसात फूट उंचीच्या जवानाचे; चेहरा मात्र संगणकाने घडवलेला. विनोद उरतो तो मुख्यतः जना (अभिषेक बॅनर्जी) आणि रुद्र (पंकज त्रिपाठी) यांच्या घाबरटपणात, आणि तो अजूनही खणखणीत वाजतो.

उत्तरार्धात ‘भेडिया’ (2022) मधला वरुण धवनचा लांडगा-माणूस सरकट्याशी भिडतो. तिथे भीतीही ओसरते आणि विनोदही; राहते ती नुसती कुस्ती. पण निर्मात्यांना एकमेकांत गुंतलेली चित्रपटमालिका उभारायची होती. कोकणात घडणारा, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ याच मालिकेतला. तो दोनच महिने आधी, जून 2024 मध्ये आला होता. ‘स्त्री 2’ने देशातील कमाईत विक्रमी ठरलेल्या ‘जवान’ चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीला मागे टाकले, डिसेंबरमध्ये आलेल्या ‘पुष्पा 2’च्या हिंदी आवृत्तीने तो विक्रम मोडला.