देवाचे आभार, तुमच्या विश्वासाबद्दल: पौलाच्या उपकारस्तुतीची पार्श्वभूमी

नव्या करारातले सर्वांत जुने लेखन कोणते, यावर थोडाफार वाद आहे. पण बहुतेक अभ्यासक थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र हेच नाव घेतात. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, प्रेषित पौलाने लिहिलेले हे पत्र. ते करिंथमध्ये इ.स. 50-51 च्या सुमारास लिहिले गेले. एवढा नेमका काळ सांगता येतो तो गल्लियोमुळे. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात पौलाला याच अधिकाऱ्याच्या न्यायासनापुढे उभे केले जाते, आणि डेल्फी येथील शिलालेखावरून तो 51-52 च्या सुमारास अखयाचा, म्हणजे करिंथ ज्यात होते त्या प्रांताचा, अधिपती होता असे ठरते. या पत्रात अभिवादन एका ओळीत उरकते आणि लगेच उपकारस्तुती सुरू होते: आम्ही तुम्हा सर्वांविषयी सर्वदा देवाचे आभार मानतो.

हे आभार कुठल्या परिस्थितीत मानले गेले ते पाहिले नाही, तर ते वाक्य नुसता शिष्टाचार वाटते.

थेस्सलनीका हे साधेसुधे गाव नव्हते. इ.स.पू. 315 च्या सुमारास कसांडरने ते वसवले आणि आपल्या बायकोचे, म्हणजे सिकंदराच्या सावत्र बहिणीचे, नाव त्याला दिले. रोमन काळात ते मासेदोनिया प्रांताची राजधानी झाले. पूर्व-पश्चिम जाणारा एग्नाशिया महामार्ग तिथून जात होता आणि बंदरही होते. फिलिप्पै शहरात फटके खाऊन पौल आणि त्याचा सोबती सीला याच रस्त्याने, आंफिपुली आणि अपुल्लोनियामार्गे, साधारण दीडशे किलोमीटर चालून इथे आले.

यहुद्यांच्या सभास्थानात पौल तीन शब्बाथ, म्हणजे त्यांचे आठवड्याचे विश्रांतीचे तीन दिवस, बोलला. मुक्काम मात्र तीन आठवड्यांहून लांबला असावा, कारण फिलिप्पैकरांनी त्याला थेस्सलनीकेत एकदाच नव्हे तर पुन्हा मदत पाठवली, आणि तो स्वतः तिथे रात्रंदिवस हाताने काम करून राहिला होता. मग दंगा उसळला. ‘येशू नावाचा दुसराच राजा आहे असे हे म्हणतात’ हा आरोप कैसराच्या, म्हणजे रोमन सम्राटाच्या, मर्जीवर चालणाऱ्या शहरात भलताच जड होता. त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या यासोनाला अधिकाऱ्यांपुढे ओढत नेले, जामीन घेऊन सोडले, आणि त्याच रात्री बंधुजनांनी पौल व सीला यांना बिरुयाकडे रवाना केले.

मागे उरली ती काही महिन्यांचीही नसेल अशी मंडळी, आणि तिचे शिक्षक परागंदा. सभासद बहुतेक परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, ‘मूर्तींपासून देवाकडे’ वळलेले. अशा शहरात हे वळणे लपून राहत नव्हते. धंद्याच्या संघाचे जेवण देवतेच्या नावाने होई, घरात कुलदेवतांपुढे विधी होत, आणि नगराचे उत्सव व सम्राटाची पूजा तर सार्वजनिकच असे. त्यामुळे विश्वास दिसू लागला तो आधी गैरहजेरीतून: हा माणूस यंदा उत्सवाला आला नाही, पंगतीत बसला नाही. शेजाऱ्यांचा राग आणि छळ यातूनच वाढला असावा. त्याच छळात त्यांनी वचन आनंदाने स्वीकारले, याची पौल खास नोंद घेतो.

पौलाला यातले काहीच कळायला मार्ग नव्हता. त्याने अथेनैहून आपला सहकारी तीमथ्य याला परत पाठवले. सरकारी टपाल खासगी माणसाला मिळत नसे. बातमी आणायची तर माणूसच जायचा आणि यायचा, एका बाजूचाच पल्ला काही शे किलोमीटरचा. तोवर ‘आमचे श्रम व्यर्थ गेले की काय’ ही धास्ती होती, ती तिसऱ्या अध्यायात तो उघड बोलून दाखवतो. तीमथ्य चांगली बातमी घेऊन आला आणि पत्र लिहिले गेले. म्हणूनच एकाच पत्रात उपकारस्तुती तीनदा येते: 1:2, 2:13 आणि 3:9. 

पत्राच्या आरंभी देवाचे आभार मानणे ही पौलाची स्वतःची नवलाई नव्हे. दुसऱ्या शतकातील अपियोन नावाच्या मिसरी सैनिकाचे पपायरसवरचे पत्र प्रसिद्ध आहे. तो बापाला लिहितो की समुद्रात संकटात सापडलो तेव्हा सेरापिस देवाने वाचवले, त्याचे आभार. 2 मक्काबी या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात यरुशलेमेचे यहुदी मिसरातल्या यहुद्यांना असेच लिहितात: मोठ्या संकटातून देवाने आम्हाला सोडवले. दोन्हीकडे आभार आहेत ते लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या सुटकेचे. पौलाने सांगाडा तोच ठेवला आणि कारण बदलले. त्याचे आभार वाचणाऱ्याच्या आयुष्यात जे घडले त्याबद्दल आहेत.

या सांगाड्याचे भाग ओळखता आले की सगळी पत्रे वाचायला सोपी जातात. आभार कोणाचे, तर देवाचे. किती वेळा, तर सर्वदा, प्रार्थनेत आठवण करताना. कोणाविषयी, तर तुम्हा सर्वांविषयी. मग कारण, आणि शेवटी बहुतेकदा पुढची विनंती: प्रीती वाढो, ज्ञान वाढो. थेस्सलनीकाकरांच्या बाबतीत कारण तीन जोड्यांत येते: विश्वासाचे काम, प्रीतीचे श्रम, आशेची सहनशीलता. जोडीतला एक शब्द आतला आणि दुसरा बाहेर दिसणारा. अंतःकरण कोणाला दिसत नाही; काम, श्रम आणि टिकाव दिसतो, आणि तीमथ्य सांगू शकला असेल तो एवढाच.

कारणाच्या जागी काय लिहिले आहे ते दर पत्रात तपासावे. रोमकरांच्या विश्वासाची वार्ता सर्व जगात पसरली म्हणून आभार आहेत, आणि पौलाने रोम अजून पाहिलेही नव्हते. कलस्सैकरांच्या पत्रातही विश्वास आणि प्रीती ‘ऐकून’ आभार मानले आहेत. वार्ता आणणारा एपफ्रास. करिंथकरांचे प्रकरण वेगळे आहे. त्यांच्याबाबत आभार मानले आहेत ते वक्तृत्व, ज्ञान आणि कृपादानांबद्दल. प्रीतीचा उल्लेखही नाही. पुढे त्याच पत्रात याच दानांवरून झालेली भांडणे येतात आणि 13 वा अध्याय सगळा प्रीतीवर जातो. जे नव्हते त्याचे आभार पौलाने मानले नाहीत. गलतीकरांना तर उपकारस्तुतीच नाही; अभिवादन संपते आणि ‘मला आश्चर्य वाटते’ म्हणून झाडणी सुरू होते. ही रीत नुसता शिष्टाचार असती, तर तिथेही दोन ओळी खरडायला त्याला काहीच अडचण नव्हती.

प्रवचनांत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आभार देवाचे आहेत, पण पत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाणार आहे (5:27 मध्ये तशी ताकीदच आहे), म्हणून ती मंडळीची स्तुती समजली जाते. मग उपकारस्तुतीच्या वेळी देणगीदारांची यादी वाचली जाते, आणि प्रार्थनेचा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम होतो. मत्तय 5:16 मध्ये लोक सत्कृत्ये पाहून गौरव करतात तो स्वर्गातील पित्याचा; लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, हा इशारा त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, 6:1 मध्ये आहे. दुसरी चूक उलट्या बाजूची: आभार मानले म्हणजे मंडळी निर्दोष होती असे धरणे. याच थेस्सलनीकेत मेलेल्यांविषयी गोंधळ होता, आणि आपापल्या हातांनी काम करा असे चौथ्या अध्यायात सांगावे लागले.

पौलानंतर रीत चालू राहिली. दुसऱ्या शतकात स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प फिलिप्पैकरांना लिहितो, तेव्हा जुन्या काळापासून ख्याती असलेले त्यांच्या विश्वासाचे मूळ अजून घट्ट आहे म्हणून आनंद व्यक्त करतो. बाहेरच्यांनाही ते दिसत होते. 112 च्या सुमारास प्लिनी हा अधिकारी ट्राजान सम्राटाला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा विरोधक सम्राट ज्युलियन चिडून लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही.

उपासनेच्या ठरावीक प्रार्थनांत मात्र दुसऱ्यांच्या विश्वासाबद्दल आभार मानणारी ही ओळ डळमळत राहिली. इंग्लंडच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकात सर्व संतांमध्ये प्रकट झालेल्या कृपेबद्दल मोठी उपकारस्तुती होती. संतांची आराधना पुन्हा शिरेल या भीतीने सुधारणावाद्यांनी 1552 च्या आवृत्तीत ती काढून टाकली. प्रार्थना फक्त पृथ्वीवर लढणाऱ्या मंडळीपुरती, म्हणजे हयात विश्वासणाऱ्यांपुरती, उरली. 1662 मध्ये एक छोटे वाक्य परत आले: विश्वासात आणि देवाच्या भयात हे जीवन सोडून गेलेल्या सर्व सेवकांबद्दल तुझ्या नावाला धन्यवाद, आणि त्यांच्या चांगल्या उदाहरणाप्रमाणे चालण्याची कृपा आम्हाला दे. त्या अँग्लिकन परंपरेतल्या महाराष्ट्रातील मंडळ्या 1970 मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात इतरांबरोबर एकत्र आल्या.