आजाराचा अंदाज येणं वेगळं, आजाराचं कारण कळणं वेगळं

अमुक खाणाऱ्यांना तमुक आजार कमी होतो अशी बातमी आली की लोक लगेच ते खायला लागतात. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आजार कोणाला होईल हे ओळखणं ही एक, आणि तो कशामुळे होतो हे कळणं ही दुसरी. स्टॅटिस्टिकल मॉडेल, म्हणजे जमवलेल्या आकड्यांवरून अंदाज बांधणारं सूत्र, पहिलं काम झकास करतं, दुसरं त्याच्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही, आणि हे समजून घ्यायला मला लंडनच्या कॉलऱ्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं माहीत नाही.

१८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये १४ हजारांवर माणसं गेली. विल्यम फार हे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी खात्यातले आकडेतज्ज्ञ, कामाला एकदम चोख. त्यांनी थेम्स नदीच्या भरतीच्या पातळीपासून वस्ती किती उंचावर आहे हे बघून २०-२० फुटांचे टप्पे पाडले. सगळ्यात खालच्या टप्प्यात १० हजार लोकांमागे १०२ मृत्यू होते. त्यांचं सूत्र म्हणत होतं की तिसऱ्या टप्प्यात याचा तिसरा हिस्सा आणि सहाव्यात सहावा हिस्सा यायला पाहिजे, म्हणजे ३४ आणि १७, आणि नोंदीतही ३४ आणि १७ च निघाले! दुसऱ्या टप्प्यात आकडा जरा हुकला, पण एकंदरीत आजच्या कुठल्याही डेटावाल्याला हेवा वाटावा असं मॉडेल. निष्कर्ष काय काढला, तर सखल भागातली कुजकी हवा माणसं मारते.

तो चुकला. हिशोबात चूक नव्हती, उंची आणि मृत्यूचं नातं खरंच होतं. पण सखल भागातल्या बऱ्याच लोकांच्या पोटात थेम्सचं गटार मिसळलेलं पाणी जात होतं आणि पाण्याचा रकाना त्या सूत्रात नव्हता. सूत्राला हे कळणार कुठून?

आता लंडनचेच डॉक्टर जॉन स्नो यांनी काय केलं बघा, तेच शहर, तोच आजार, आणि पुष्कळशी माहिती फार यांच्याच खात्यातून मिळालेली. दक्षिण लंडनमध्ये साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल आणि लॅम्बेथ या दोन वॉटर कंपन्यांचे पाइप एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरात गेलेले. लॅम्बेथनं १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा शहराची गटारं नदीला मिळतात त्याच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटन या गावी नेली होती, दुसरी कंपनी लंडनमधल्या बॅटर्सीचंच घाण पाणी देत राहिली. म्हणजे उंची तीच, हवा तीच, गरीब-श्रीमंत दोन्हीकडे, बदललं फक्त पाणी. भाडेकरूंना कंपनीचं नाव माहीत नसायचं कारण बिल घरमालक भरायचा, मग स्नो बाटलीत पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचे. साउथवर्कच्या पाण्यात मीठ कितीतरी पट जास्त, त्यामुळे त्यात भरपूर पांढरा साका धरायचा, लॅम्बेथच्या पाण्यात जेमतेम. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्कच्या १० हजार घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या ३७.

मला यातलं गणित महत्त्वाचं वाटत नाही, ते तर साधा भागाकार आहे. महत्त्वाचं हे की एक गोष्ट बदलली आणि बाकी सगळं तसंच राहिलं अशी जागा या माणसानं शोधली आणि दारोदार फिरून खात्री केली. डॉक्टर कुठे जास्त पाठवायचे एवढंच ठरवायचं असतं तर उंचीचा तक्ता मस्त चालला असता. पण साथ थांबवायला लोकांना टेकडीवर हलवायचं की पाइप बदलायचा, हे त्या तक्त्यातून कधीच कळलं नसतं. विल्यम फार यांचं मोठेपण असं की १८६६ च्या साथीत त्यांनीच आकडे लावून दूषित पाण्यावर बोट ठेवलं.

लोक म्हणतील आता ॲडजस्ट करता येतं, वय, सिगरेट, उत्पन्न सगळं मॉडेलमध्ये घालतात. घालतात, पण जे मोजलंय तेच घालणार ना? बीटा कॅरोटीनचं, म्हणजे गाजरात असतं आणि ज्यातून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं त्या द्रव्याचं, तेच झालं. ज्यांच्या आहारात आणि रक्तात ते जास्त त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं अभ्यासामागून अभ्यासात दिसत होतं. मग फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली, कोणाला गोळी द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! अमेरिकेतली तशीच ट्रायल १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली.

आता अशी ट्रायल दरवेळी करता येत नाही हेही खरं, कोणाला मुद्दाम सिगरेट ओढायला लावणार? तिथे रुग्णांचे आकडे, प्राण्यांवरचे प्रयोग, सोडल्यावर धोका कमी होणं असे वेगवेगळ्या बाजूंचे पुरावे जमवून कारण पक्कं झालं, एका मॉडेलवर नाही.

आणि घरात कोणी सिगरेट ओढणारं असेल किंवा आधी ओढत असेल आणि डोळ्यांसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर बाटलीवर बीटा कॅरोटीन लिहिलंय का बघा आणि डॉक्टरांना विचारा, त्याच्याऐवजी ल्युटिन असलेल्या गोळ्या मिळतात.