प्रथिन-औषधाचं फॉर्म्युलेशन: नमुना पाठवण्यापूर्वी हे वाचा

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चौकशा एकाच प्रश्नाने सुरू होतात: "प्रथिन तयार आहे, फॉर्म्युलेशन किती दिवसांत द्याल?" फॉर्म्युलेशन म्हणजे प्रथिन टिकावं म्हणून ते कोणत्या द्रावणात, कोणत्या घटकांसोबत ठेवायचं याची कृती; ती आम्ही बसवून देतो. फोनवर या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. तुमच्या संशोधन विभागाला यातलं बरंच ठाऊक असेल. पण खर्चाला मंजुरी देणाऱ्यांनीही ते वाचावं, कारण "एवढे नमुने कशाला, एवढे महिने कशाला" हे प्रश्न बहुधा तिकडूनच येतात.

बिघडतं म्हणजे नेमकं काय होतं

पॅरासिटामॉलचा रेणू लहान आणि आटोपशीर. मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच लक्ष्याला चिकटणारं, औषध म्हणून बनवलेलं प्रथिन) त्याच्या सुमारे हजारपट वजनाची, आणि तिचं सगळं काम तिच्या घडीवर अवलंबून. अमिनो आम्लांची साखळी शाबूत राहून नुसती घडी उसवली तरी औषध वाया गेलं. अंडं उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो तेव्हा त्यातलं एकही अमिनो आम्ल कमी झालेलं नसतं, तरी तो पुन्हा पातळ होत नाही.

बाटलीत हेच फार सावकाश घडतं. घडी जराशी सैल होते, आत दडलेला, पाण्याला नकोसा भाग उघडा पडतो, तिथे दुसरा रेणू येऊन चिकटतो, मग तिसरा. हेच ॲग्रिगेशन, म्हणजे गुठळ्या होणं. जोडीला रासायनिक बदल असतातच: साखळीतल्या अस्परॅजिन या अमिनो आम्लाचं डिअमिडेशन, म्हणजे त्याचा अमाइड गट निघून जाणं (त्याच्या पुढे ग्लायसिन असेल तर विशेष), मेथिओनिन या दुसऱ्याचं ऑक्सिडेशन. आम्हाला जास्त धास्ती गुठळ्यांची वाटते, कारण रुग्णाचं शरीर त्यांना परकं समजून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं.

एक जुनं उदाहरण आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो. १९९८ मध्ये युरोपात एरिथ्रोपोएटिनच्या (तांबड्या पेशी बनवायला लावणारं संप्रेरक) एका ब्रँडमधून मानवी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) काढून पॉलिसॉर्बेट ८० हा सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पृष्ठभागावर जमणारा घटक, घालण्यात आला. पुढच्या काही वर्षांत ते इंजेक्शन घेणाऱ्या मूत्रपिंडाच्या काही रुग्णांमध्ये अशा अँटिबॉडी तयार झाल्या, की त्या औषधाला आणि शरीराच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनलाही निकामी करू लागल्या. तांबड्या पेशी बनणंच थांबलं. नेमकं कारण काय यावर पुष्कळ वाद झाला. रबरी बुचातून झिरपलेली द्रव्यं हाही एक संशयित होता. प्रथिन तेच होतं, बदल फक्त सोबतच्या घटकांत झाला होता. एक्सिपियंट (हे सोबतचे घटक) म्हणजे नुसती भरताड, असं कोणी म्हणालं की आम्हाला हे आठवतं.

पीएच, साखर, सर्फॅक्टंट

दुधात लिंबू पिळलं की ते नासतं. पीएच ४.६ च्या आसपास केसिनवरचे धन आणि ऋण भार एकमेकांना फेडतात, कण एकमेकांना ढकलेनासे होतात आणि गोळा होतात. प्रत्येक प्रथिनाचा असा एक बिंदू असतो, आणि आमचं पहिलं काम म्हणजे तुमच्या प्रथिनाला त्यापासून लांब ठेवणं. इन्शुलिनचा बिंदू ५.३ च्या जवळपास, म्हणून साधं इन्शुलिन उदासीन पीएचला ठेवतात. ग्लार्जिन या रचना बदललेल्या इन्शुलिनने हीच अडचण कामाला लावली. त्याचा बिंदू वर सरकवलेला आहे, बाटलीत ते पीएच ४ ला विरघळलेलं राहतं आणि त्वचेखाली गेल्यावर साका होऊन बसतं. तो साका हळूहळू विरघळतो, म्हणून रोज एकच इंजेक्शन पुरतं. हा प्रकार आम्हाला फार आवडतो.

साखर म्हणजे सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज. मुरांब्यातली साखर जंतूंना पाणी मिळू देत नाही. इथे तिचं काम वेगळं. साखरेचे रेणू प्रथिनाच्या पृष्ठभागापासून अंतर राखतात. उलगडायचं तर पृष्ठभाग वाढणार, आणि साखरेच्या द्रावणात ते प्रथिनाला महाग पडतं, म्हणून ते घडी धरून राहतं. लॅक्टोज किंवा ग्लुकोज मात्र सुचवू नका. दूध आटवताना जो तांबूस रंग चढतो, तीच अभिक्रिया मग बाटलीत सुरू होते.

सर्फॅक्टंटबद्दल जरा सविस्तर, कारण तक्रारी इथेच जास्त येतात. ताक घुसळताना फेस येतो तसा तो इंजेक्शनच्या बाटलीतही, टेम्पोच्या प्रत्येक धक्क्याबरोबर, थोडाथोडा येत असतो. हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे प्रथिनाची घडी उलगडते. पॉलिसॉर्बेट ती जागा आधीच अडवून बसतं. पण ते स्वतः अमर नाही. त्याचं ऑक्सिडेशन होऊन पेरॉक्साइडं तयार होतात. शुद्धीकरणात पेशींची काही लायपेज एन्झाइमं मागे राहिली असतील, तर ती महिनोन्‌महिने त्याचे तुकडे पाडत राहतात आणि सुटलेली मेदाम्लं कण बनून दिसू लागतात. वर्षभराने अचानक कण दिसायला लागले म्हणून कोणी आलं, की आम्ही प्रथिनाकडे बघण्याआधी पॉलिसॉर्बेट किती उरलंय ते मोजतो. तुमच्या होस्ट-सेल प्रोटीनचे (उत्पादक पेशींची मागे राहिलेली प्रथिनं) आकडे आम्ही सुरुवातीलाच मागतो ते यासाठी.

घटक जितके जास्त तितकं औषध टिकाऊ, असंही नाही. ट्रास्टुझुमॅब या अँटिबॉडी-औषधाच्या मूळ ४४० मि.ग्रॅ. व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) प्रथिनाखेरीज फक्त ट्रेहॅलोज, हिस्टिडीन आणि १.८ मि.ग्रॅ. पॉलिसॉर्बेट २० आहे. अडॅलिमुमॅब हे दुसरं अँटिबॉडी-औषध २००२ मध्ये आलं तेव्हा त्यात सायट्रेट आणि फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिश्रण) होता. नंतरच्या दुप्पट तीव्रतेच्या, म्हणजे १०० मि.ग्रॅ. प्रति मि.लि.च्या आवृत्तीत मॅनिटॉल आणि पॉलिसॉर्बेट ८० एवढंच उरलं. एवढ्या दाट द्रावणात प्रथिन स्वतःच बफरचं काम करतं. इंजेक्शन ०.८ मि.लि.वरून ०.४ मि.लि.वर आलं आणि सायट्रेटची चुणचुणही गेली. आमचाही कल काढता येईल ते काढण्याकडेच असतो.

"पावडर करून टाका ना"

करता येते. पण गोठवून वाळवणं ही महागडी आणि वेळखाऊ गोष्ट आहे, आणि शेवटी वॉर्डात कोणाला तरी ती पाणी घालून विरघळवावी लागते. घाईत बाटली हलवली की पुन्हा फेस. द्रवरूपात दोन वर्षं टिकत असेल तर आम्ही पावडर सुचवत नाही.

गोठणं

जितकं गार तितकं चांगलं, हा समज सर्वांत महागात पडतो. मागे एका ग्राहकाने भर मे महिन्यात काळजीपोटी व्हायल थेट बर्फाच्या पॅकांना टेकवून पाठवल्या. खोक्यातलं तापमान कुठेच वाढलं नव्हतं, पण कडेच्या व्हायल गोठून परत वितळल्या होत्या. बफर सोडियम फॉस्फेटचा होता. तो गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाजूला पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच ७ वरून ४ च्या आसपास घसरू शकतो. म्हणजे पुन्हा दुधात लिंबू. २ ते ८ अंश लिहिलं असेल तर शून्यही चुकीचंच.

एवढे महिने का

४० अंशांवर महिनाभर ठेवून कोणतं फॉर्म्युलेशन दुसऱ्यापेक्षा बरं, हे कळतं. ५ अंशांवर ते किती वर्षं टिकेल, हे त्यावरून सांगता येत नाही, कारण ४० अंशांवर प्रथिन ज्या वाटेने बिघडतं ती वाट ५ अंशांवर कदाचित उघडतही नाही. औषधांचे नियम देशोदेशी एकसारखे करणाऱ्या आयसीएच या संस्थेचं, जैव-औषधांच्या स्थिरतेबद्दलचं क्यू५सी हे १९९५ चं मार्गदर्शक तत्त्वही मुदत प्रत्यक्ष साठवणीच्या तापमानावर, प्रत्यक्ष काळात जमवलेल्या माहितीवरूनच ठरवायला सांगतं. म्हणून आम्ही आठ आठवड्यांत दोन-तीन उमेदवार निवडून देतो, पण २४ महिन्यांची खात्री आठ आठवड्यांत कोणाला लिहून देत नाही. तशी चिठ्ठी देणारे भेटतील; निर्णय तुमचा.

त्या काळात आम्ही ठरलेल्या महिन्यांना गुठळ्या (एसईसी, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणारी पद्धत), विद्युत भारातले बदल (आयन एक्स्चेंज, म्हणजे भारानुसार वेगळे करणारी पद्धत) आणि सूक्ष्म कण मोजतो. कणांची फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथातली) मर्यादा लहान इंजेक्शनसाठी अशी आहे: प्रत्येक बाटलीत १० मायक्रॉन किंवा मोठे ६००० पर्यंत, २५ मायक्रॉन किंवा मोठे ६०० पर्यंत. त्याहून बारीक कणही आम्ही बघतो, कारण मोठे कण तिथूनच तयार होतात.

पाठवताना

अँटिबॉडी असेल तर किमान ५०० मि.ग्रॅ. लागेल. सोबत सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम), सध्याचा बफर आणि पीएच, हवी ती तीव्रता, इंजेक्शन शिरेतून की त्वचेखाली, आणि अंतिम पॅक व्हायल की प्रीफिल्ड (आधीच औषध भरलेली) सिरिंज हे लिहा. सिरिंज असेल तर आत्ताच सांगा. तिच्यातल्या सिलिकॉन तेलाचे थेंब हा वेगळाच खटला आहे. बर्फाचा पॅक आणि व्हायल यांच्यामध्ये पुठ्ठा घाला, डेटा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) ठेवा, आणि खोका सोमवार ते बुधवारच पाठवा. शुक्रवारी निघालेला खोका रविवारभर कुरिअरच्या गोदामात बसून असतो.