कव्हर नेमकं तिथेच का फाटलं?

कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत पाणी गोठायच्या आत बोटी बाहेर काढतात, ट्रेलरवर किंवा टेकूंवर चढवतात आणि वसंतापर्यंत झाकून ठेवतात. मध्येच कधीतरी मालक चक्कर मारतो, तर कव्हराला हातभर चीर. हात आधी चिकटपट्टीकडे जातो. पट्टी काही दिवस धरते आणि पुढच्या वादळात चीर तिला वळसा घालून पुढे सरकते. यात पट्टीचा फारसा दोष नसतो. कापड फाटायचं कारण तसंच राहिलेलं असतं.

म्हणून आधी फाटलेली कड निरखावी. धाग्यांची टोकं पिंजल्यासारखी केसाळ दिसली, तर कापड घासलं गेलंय; बरोबर खाली काचेचा कोपरा किंवा बोल्टचं डोकं सापडेल. चीर शिवणीवरून सरळ धावली असेल आणि आजूबाजूचं कापड धडधाकट असेल, तर कुजला आहे तो दोरा. शिवणीचा दोरा वर उघडा असतो, ऊन थेट त्याच्यावर पडतं, त्यामुळे बऱ्याचदा कापडाआधी तोच जातो. अशा वेळी फक्त शिवण पुन्हा घालायची. पण कडेवर नख घासल्यावर भुकटी निघाली आणि चिमटीत धरून ओढताच कापड टर्रकन गेलं, तर अतिनील किरणांनी पॉलिमरच्या, म्हणजे कापड ज्या प्लास्टिकचं बनलंय त्याच्या रेणूंच्या, लांब साखळ्याच तोडल्या आहेत. त्यावर ठिगळ लावलं, तर नवी चीर ठिगळाच्या कडेने जाईल.

कापड चांगलं असूनही फाटलं, तर संशय पाण्यावर घ्यावा. दोन आधारांच्या मध्ये कव्हर थोडं झोळलं की तिथे पाणी साचतं, त्याच्या वजनाने झोळ वाढतो, आणि मोठ्या झोळात आणखी पाणी मावतं. एक चौरस मीटरच्या झोळात १० सेंटीमीटर पाणी म्हणजे तब्बल १०० किलो. हिमाचं गणित जरा फसवं आहे. ताजं, भुसभुशीत हिम घनमीटरला ५० ते १०० किलो भरतं, पण तेच ओलं होऊन दबलं की ३०० किलोच्या पुढे जातं. काल निर्धास्त वाटलेलं कव्हर आज त्यावर पाऊस पडल्यावर फाटतं ते यामुळे. यावर इलाज कापडात नाही, खालच्या आधारात आहे: मधोमध उंच आडवा दांडा आणि दोन्ही बाजूंना खडा उतार. हा दांडा नसेल तर ठिगळाचा विचारही करू नये, असं माझं मत.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरच्या थंड वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १८ किलो वजनाइतका असतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट. तरी ताणून बांधलेलं कव्हर हे सोसतं. सैल कव्हर फडफडतं, त्याच घडीवर हजारो वेळा वाकतं, त्याच कोपऱ्यावर घासतं, आणि शेवटी तिथेच तुटतं.

आता चिरेचं टोक. केंब्रिजचे अभियंता चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये भेगा आणि तीक्ष्ण कोपऱ्यांभोवतीच्या ताणाचं गणित मांडलं, तेही जहाजबांधणी करणाऱ्यांच्या संस्थेपुढे. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या काठावर ताण तिप्पट होतो. भोक लंबगोल, ताणाला आडवं आणि रुंदीच्या दहापट लांब असेल, तर टोकाशी एकवीसपट. विणलेलं कापड काही पत्रा नव्हे. त्यात धागे सरकून टोकाशी गोळा होतात आणि भार थोडा वाटून घेतात. पण धोरण तेच. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, चिरेच्या दोन्ही टोकांपलीकडे ते भरपूर न्यायचं, आणि जमलं तर आतून-बाहेरून दोन ठिगळं लावायची. हाताने शिवताना टाके फार जवळ घालू नयेत, नाहीतर टपाल तिकिटांच्या कागदासारखी भोकांची रांग तयार होते आणि कापड तिथूनच सुटतं.

चिकटवायचं असेल तर थंडीच वैरी. चिकटपट्टीवरचं द्रव्य पृष्ठभागाच्या बारीक खाचांत पसरलं तरच धरतं. गारठ्यात ते कडक होतं, पसरतच नाही. बहुतेक पट्ट्यांना लावताना पृष्ठभाग १० अंश सेल्सियसच्या वर लागतो. हवा नव्हे, कापड. त्यावर दिसणार नाही असा दवाचा किंवा हिमकणांचा थर असला तर सगळं मुसळ केरात. साध्या ताडपत्रीचं पॉलिएथिलीन तर मुळातच कशाला नीट चिकटू देत नाही, म्हणून त्यासाठीचीच पट्टी घ्यावी. कव्हर काढून उबदार जागी नेणं उत्तम. नाहीतर तेवढा भाग पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून, गरम हवेच्या झोताने हलकाच शेकावा. ज्योत मात्र वापरू नये. कापड वितळेल हे एक, आणि जवळ इंधनाची टाकी असते.

आयलेट, म्हणजे दोरी ओवायचं कडेचं कडं, उपटून आलं असेल तर त्याच्या मागे नवं भोक पाडण्यापेक्षा खलाशांची जुनी युक्ती करावी. आतल्या बाजूने गुळगुळीत गोटा धरायचा, त्यावर कापड ओढून मानेशी दोरी आवळायची. भोक नसल्यामुळे ताण गोट्याभोवतीच्या सगळ्या कापडात वाटला जातो.

ही दोरी बोटीच्या टेकूंना मात्र कधीही बांधू नये. वाऱ्याने कव्हर हिसके देऊ लागलं तर टेकू सरकू शकतो, आणि मग प्रश्न कव्हराचा राहत नाही. दोरी बोटीच्या पोटाखालून पलीकडे न्यावी किंवा तिला वजनं लटकवावीत. दुरुस्ती होईपर्यंत आत शिरलेल्या पाण्याला वाट हवी, म्हणून जमिनीवरच्या बोटीचं तळाचं बूच काढलेलं आहे ना, ते पाहावं. साचलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि जिथे अडकेल तिथे तडा पाडतं. आणि चीर बुजवण्याच्या भरात हवेच्या फटीही बुजवू नयेत. कोंडलेल्या दमट हवेतलं बाष्प गार पृष्ठभागावर पाणी होऊन साचतं आणि वसंतापर्यंत गाद्यांवर बुरशी धरते.