पातळ आवाजाला टेपची साथ

अ‍ॅरन फ्रेझर मूळचा ड्रमर. ‘ड्युरँड जोन्स अँड द इंडिकेशन्स’ या अमेरिकी सोल (साठच्या दशकात बहरलेलं कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण लोकप्रिय संगीत) बँडमध्ये तो ड्रम वाजवता वाजवता गातो, आणि तेही इतक्या उंच, पातळ स्वरात की नवख्या माणसाला बाई गातेय असं वाटावं. जानेवारी २०२१ मध्ये त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला, ‘इंट्रोड्युसिंग...’. नॅशव्हिलच्या ‘ईझी आय साउंड’ स्टुडिओत ‘ब्लॅक कीज’ या रॉक बँडवाल्या डॅन ऑअरबाखने तो घडवला. साथीला ‘मेम्फिस बॉइज’मधली जुनी मंडळी होती, म्हणजे साठच्या दशकातल्या कितीतरी गाजलेल्या रेकॉर्डवर ज्यांचे हात ऐकू येतात ते वादक. ‘बॅड न्यूज’ हे हवामान बदलावरचं गाणं सोडलं तर बराचसा अल्बम प्रेमात बुडालेला आहे.

सांगितलं नाही तर हे रेकॉर्डिंग १९६८ सालचं वाटेल. चाली, कोरस, तंतुवाद्यांचे ताफे ही त्याची उघड कारणं. मला जास्त रस आहे तो गळ्यात आणि यंत्रात, कारण या दोघांचं भौतिकशास्त्र एकमेकांना छान पूरक आहे.

आधी गळा. पुरुष बोलताना स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा उघडझाप करतात. प्रत्येक वेळी ते एकमेकांवर चांगले आपटून बंद होतात आणि हवेचा झोत झटक्यात तुटतो. या झटक्यामुळेच मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर भरपूर निघतात. आवाज भरदार वाटतो तो त्यांच्यामुळे. फॉल्सेटोत, म्हणजे फ्रेझरसारख्या त्या उंच, पातळ आवाजात, गाताना मात्र स्वरतंतूंच्या आतला स्नायू सैल पडतो आणि बाहेरचा एक स्नायू त्यांना ताणून लांब करतो. मग फक्त पातळ कडा थरथरतात, पुष्कळदा पुरत्या मिटतही नाहीत. फटीतून थोडी हवा निसटत राहते. मूळ स्वर ठळक, वरचे उपस्वर क्षीण, आणि त्यात श्वासाची किंचित खरखर. (जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना नीट पाहिले ते गाण्याच्या एका शिक्षकानेच. मॅन्युएल गार्सियाने आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचाच गळा पाहिला आणि १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याची निरीक्षणं मांडली गेली.)

ऑपेराचा गायक माइकशिवाय सगळ्या वाद्यवृंदावर मात करतो, कारण त्याच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक उंचवटा असतो. फॉल्सेटोजवळ हे हत्यार नाही. ब्रास सेक्शनपुढे, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांच्या ताफ्यापुढे, तो उघड्यावर उभा राहिला तर वाहून जाईल. म्हणून कर्टिस मेफील्ड, स्मोकी रॉबिन्सन, एडी केंड्रिक्स या उंच आवाजाच्या सोल गायकांच्या परंपरेतला प्रत्येक गळा मायक्रोफोनचा आश्रित आहे. माइक ओठांजवळ आला की श्वासही टिपला जातो, आणि एका दिशेनेच ऐकणाऱ्या माइकमध्ये जवळच्या आवाजाचे खालचे स्वर आपोआप फुगतात. कानाशी कुणी बोलतंय असा भास त्यातून होतो. प्रेमगीताला आणखी काय हवं?

आता यंत्र. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेले लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण. स्टुडिओत ही पट्टी सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने हेडवरून (ध्वनी नोंदवणाऱ्या चुंबकावरून) सरकते. घरगुती कॅसेटमध्ये जेमतेम पावणेपाच. आवाज हळू असेल तर कणांचं चुंबकत्व त्याच्या प्रमाणात बदलतं. आवाज वाढत गेला की बहुतेक कण आधीच एका दिशेला वळलेले असतात, वळायला उरतात थोडे. त्यामुळे लाटेचा माथा हळूहळू दबतो, गोल होतो. डिजिटल यंत्रात मर्यादा ओलांडली की माथा सपाट कापला जातो आणि कानाला टोचणाऱ्या उंच उपस्वरांचा कल्लोळ उठतो. टेप मर्यादेपर्यंत पोहोचतानाच नरमते.

ही नरमाई लाटेच्या वरच्या आणि खालच्या अंगाला सारखीच असते. गणित असं सांगतं की अशा सममित विकृतीतून विषम उपस्वरच जन्मतात, आणि त्यात तिसरा सगळ्यात ठळक. मूळ स्वर सा धरला तर तिसरा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. म्हणजे यंत्राने केलेली चूकसुद्धा सुरातच असते! तानपुऱ्याची जवारी नेमकं याच जातीचं काम करते: तार घोडीला घासून बिघडते आणि त्या बिघाडातून उपस्वर फुलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच भारतीय वाद्यांच्या या घोडीकडे लक्ष वेधलं होतं.

फॉल्सेटोच्या जवळजवळ सरळ, मऊ लाटेत वरच्या उपस्वरांची जागा रिकामी असते. यंत्राने घातलेली भर तिथे उठून दिसते. भरदार आवाजात ती झाकून गेली असती. म्हणूनच, माझ्या मते, या शैलीला जुनी यंत्रं इतर कुठल्याही संगीतापेक्षा जास्त मानवतात. इंडिकेशन्सचा २०१६ सालचा पहिला अल्बम तर तळघरात चार ट्रॅकच्या टेपयंत्रावर झाला होता, आणि फ्रेझरचा पातळ आवाज त्यातही ऐकू येतो.

बाकी मसाला खोलीचा. सगळे वादक एकत्र वाजवत असतील तर ड्रमचा आवाज गायकाच्या माइकमध्येही शिरतो, दर मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद उशिराने, आणि कानाला खोलीचा आकार कळतो. घुमारा हवा असेल तर १९५७ पासून जर्मन बनावटीचा ‘ईएमटी १४०’ होता: टांगलेला एक भलामोठा पोलादी पत्रा. डेट्रॉइटच्या ‘मोटाउन’ या सोल रेकॉर्ड कंपनीने त्यासाठी घराचा माळाच वापरला.

‘टेपची ऊब’ म्हणत लाखांची यंत्रं जमवणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. विकृतीचा तो वक्र आज संगणकावर उतरवता येतो. शिवाय टेपने घातलेले उपस्वर एकदा ध्वनीत मिसळले की डिजिटल फाइल ते इमानेइतबारे जपते, त्यांच्यासाठी रेकॉर्डप्लेअर लागत नाही.

उलट मोबाइलवरच त्यांचा खरा उपयोग होतो. बास गिटारची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झवर कंप पावते, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तितकं खाली उतरता येत नाही. पण तिचे वरचे उपस्वर स्पीकरमधून निघतात आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. बास जितका ‘मळलेला’, म्हणजे विकृतीने भरलेला, तितके उपस्वर जास्त आणि मेंदूचं काम तितकं सोपं. मोटाउनचे इंजिनिअर गाणं पक्कं करण्याआधी गाडीतल्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर ऐकून बघत, ते याच अडचणीपायी.