बेस कंट्रोलर आला कुठून?

बेस कंट्रोलर म्हणजे वेब ॲप्लिकेशनमधल्या सगळ्या कंट्रोलरचा (ब्राउझरकडून आलेली मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, हाताळणाऱ्या क्लासचा) समान पालक क्लास; त्यात लिहिलेली सामायिक कामं बाकीच्यांना वारशाने मिळतात. १९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकन संशोधन केंद्राच्या वेब सर्व्हरबरोबर सीजीआय (सर्व्हरने बाहेरचा प्रोग्रॅम चालवून उत्तर देण्याची पद्धत) आलं, तेव्हा प्रत्येक रिक्वेस्टसाठी सर्व्हर एक नवी प्रोसेस सुरू करायचा. पर्ल भाषेतली स्क्रिप्ट क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून उचलायची, फॉर्मचा मजकूर स्टँडर्ड इनपुटवरून वाचायची, हेडर छापायची आणि मग मूळ कामाला लागायची. लॉगिन हवं असेल, तर त्याची तपासणीही प्रत्येक स्क्रिप्टमध्ये. एका फायलीत ती लिहायची राहिली, की ते पान सगळ्या जगाला उघडं. माझ्या मते बेस कंट्रोलरची खरी गरज या धोक्यातून निर्माण झाली. टायपिंगची मेहनत वाचणं हा त्याचा दुय्यम फायदा.

१९९७ च्या जावा सर्व्हलेटमध्ये (सर्व्हरवर रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या जावा क्लासमध्ये) आजच्या बेस कंट्रोलरचा सांगाडा दिसतो. एचटीटीपीसर्व्हलेट या पालक क्लासची सर्व्हिस मेथड रिक्वेस्ट गेट (माहिती मागणारी) आहे की पोस्ट (माहिती पाठवणारी) ते पाहते आणि त्यानुसार डूगेट किंवा डूपोस्ट चालवते. आपण फक्त हव्या त्या मेथड लिहायच्या. न लिहिलेल्या मेथडसाठी रिक्वेस्ट आली, तर पालक क्लासच ४०५ ची, म्हणजे ‘ही मेथड चालत नाही’ अशी, एरर देऊन मोकळा होतो. अडचण एकच, पण मोठी: सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामं) एकाच वेळी वापरतात, त्यामुळे चालू वापरकर्त्याची माहिती त्यात ठेवणं धोक्याचं. पुढे स्ट्रट्स १ या जावा फ्रेमवर्कच्या (ॲप्लिकेशनसाठीच्या तयार सांगाड्याच्या) ॲक्शन क्लासलाही हेच पथ्य पाळावं लागलं.

२००४ च्या स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कने पालकांची उतरंडच रचली. सिंपलफॉर्मकंट्रोलरच्या वर ॲबस्ट्रॅक्टफॉर्मकंट्रोलर, त्याच्या वर बेसकमांडकंट्रोलर, त्याच्याही वर ॲबस्ट्रॅक्टकंट्रोलर. जावामध्ये क्लासला पालक एकच मिळतो, म्हणून दोन शाखांतल्या सोयी एकत्र हव्या असल्या की माणूस अडायचा. २००७ च्या स्प्रिंग २.५ मध्ये ॲनोटेशन (क्लासवर लावायच्या खुणा) आली आणि कंट्रोलरला ठरावीक पालक क्लास किंवा इंटरफेस घेण्याची सक्तीच संपली.

त्याच २००४ साली आलेल्या, रूबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्कने मात्र बेस कंट्रोलर ही कल्पना घराघरांत नेली. इथे प्रत्येक रिक्वेस्टला कंट्रोलरचा नवा ऑब्जेक्ट तयार होतो, त्यामुळे थ्रेडची ती भीती उरत नाही. फ्रेमवर्कच्या ॲक्शनकंट्रोलर बेसवर थेट न लिहिता मध्ये ॲप्लिकेशनकंट्रोलर हा आपला स्वतःचा क्लास ठेवायचा, हा रेल्सचा संकेत मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. त्यात एक बिफोर फिल्टर (मूळ कामाआधी चालणारी तपासणी) लावला, की नवा कंट्रोलर लिहिणाऱ्याला लॉगिनची आठवण ठेवावी लागत नाही. तपासणी नको असेल तर ती मुद्दाम वगळावी लागते. डिसेंबर २००७ च्या रेल्स २.० ने सीएसआरएफपासूनचं (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नकळत त्याच्या नावाने रिक्वेस्ट पाठवण्यापासूनचं) संरक्षणही नव्या ॲप्लिकेशनच्या याच क्लासमध्ये आयतं दिलं, आणि २०१८ च्या ५.२ पासून ते थेट फ्रेमवर्कच्या बेसमध्ये गेलं.

सोय वाढली तशी पालक क्लासची चरबीही वाढली. २०१० च्या रेल्स ३ मध्ये बेस क्लास फोडून त्याची छोटी मॉड्यूल झाली. नुसती एपीआय (पानं न दाखवता दुसऱ्या प्रोग्रॅमना माहिती देणारी सेवा) लिहिणाऱ्यांना २०१६ मध्ये ५.० ने वेगळा, हलका पालक दिला.

आपल्याकडे पीएचपीवर काम केलेल्या अनेकांना हा प्रकार कोडइग्नायटर या फ्रेमवर्कमुळे माहीत असतो. आवृत्ती ३ पर्यंत कोअर फोल्डरमध्ये माय_कंट्रोलर नावाची फाइल ठेवली की फ्रेमवर्क ती आपोआप उचलायचं. त्या नावाची एकच फाइल चालायची, म्हणून ॲडमिनसाठीचा आणि सामान्य पानांसाठीचा असे दोन-तीन पालक क्लास तिच्यातच कोंबलेले सर्रास दिसायचे. २०२० च्या आवृत्ती ४ मध्ये बेसकंट्रोलर तयारच मिळतो. त्यात सुरुवातीची जुळवाजुळव इनिटकंट्रोलर मेथडमध्ये करायची आणि लॉगिनसारखी तपासणी फिल्टरकडे सोपवायची, अशी वाटणी आहे.

पीएचपीचंच दुसरं फ्रेमवर्क लाराव्हेल याही पुढे गेलं. मार्च २०२४ च्या आवृत्ती ११ मध्ये नव्या प्रोजेक्टबरोबर येणारा बेस कंट्रोलर हा एक रिकामा ॲबस्ट्रॅक्ट क्लास आहे. तो फ्रेमवर्कच्या कंट्रोलरला एक्स्टेंडही करत नाही, आणि ऑथरायझेशन, व्हॅलिडेशनचे ट्रेट (क्लासमध्ये जोडता येणारे मेथडचे संच) पूर्वीसारखे त्यात आधीपासून नसतात. हवे असतील तर आपण जोडायचे. लॉगिनची तपासणी राउटवरचं (पत्ता आणि कंट्रोलर यांच्या जोडणीवरचं) मिडलवेअर, म्हणजे रिक्वेस्ट कंट्रोलरपर्यंत पोहोचण्याआधी चालणारा कोड, करतं.