चऱ्होली, अर्हता आणि कळफलकाचे नियम

पुण्याजवळच्या चऱ्होलीचे नाव उच्चारानुसार टंकित केले, की पडद्यावर अनेकदा 'चर्होली' उमटते. हा दोष सहसा फॉन्टचा नसून कळफलकाच्या नियमांचा असतो. कळफलक तयार करण्याची कीमॅन ही आता मुक्त असलेली प्रणाली १९९३ पासून वापरात आहे. असे नियम लिहिण्यासाठी तिची स्वतःची एक छोटी भाषा आहे.

प्रत्येक नियमात डावीकडे आधी उमटलेली अक्षरे आणि दाबलेली कळ असते, तर उजवीकडे त्यांच्या जागी काय यावे ते असते. 'के' दाबल्यावर पायमोडका क् उमटला असेल आणि पाठोपाठ 'एच' दाबला, तर 'एचला ह्' हा साधा नियमही जुळतो आणि 'क् नंतरच्या एचला ख्' हाही. अशा वेळी ज्या नियमाने मागची जास्त अक्षरे तपासली, तो लागू होतो. फाइलीत आधी कोणता लिहिला, हे तिथे गौण ठरते.

प्रत्येक व्यंजनासाठी वेगळी ओळ लिहावी लागू नये म्हणून 'स्टोअर' नावाच्या याद्या करतात. 'एनी' ही आज्ञा दाबलेली कळ पहिल्या यादीत कितवी आहे ते पाहते आणि 'इंडेक्स' दुसऱ्या यादीतले त्याच क्रमांकाचे अक्षर देते. खरी गोम इथेच आहे. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाण पद्धतीत ऱ ला ०९३१ हा स्वतंत्र क्रमांक असला, तरी र (०९३०) आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) मिळूनही तो लिहिता येतो. 'र, ऱ, ल, व' या यादीत ऱ असा जोडून लिहिला गेला, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. मात्र यादीत ती दोन अक्षरे मोजली जातात, म्हणून ऱ च्या कळीवर नुसता र येतो, ल च्या कळीवर सुटा नुक्ता आणि व च्या कळीवर ल.

मग 'र् नंतर ह आला, की ऱ्ह करावे' असा नियम का लिहू नये? कारण तो चऱ्होली सुधारताना 'अर्हता' बिघडवील. तिच्यासाठी मागचा अ तपासणारा लांब नियम जोडता येतो, पण हाच प्रश्न य च्या आधीही येतो: आचार्य या शब्दाचे 'आचार्यास' आणि आचारी या शब्दाचे 'आचाऱ्यास' यांत र पर्यंतची अक्षरे तीच असतात, आणि नियमाला फक्त अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही. म्हणून इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकाप्रमाणे शिफ्टसह र ची कळ दाबून ऱ मिळावा, हीच सोय मला अधिक भरवशाची वाटते.